आत्याच्या घरावरचा हिरवा पत्रा

विश्वास ठेवायचा तर ठेवा. पण ज्याच्यावर हे बेतलं तो माझा सख्खा चुलतभाऊ आहे आणि त्याला थापा मारता येत नाहीत.

दादा पत्रे बसवायचं काम करतो. गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी, ऐन दुपारी, त्याच्या वस्तीवरून वावटळ गेली. चहाला उकळी फुटेपर्यंत आली आणि गेलीसुद्धा. तेवढ्यात झाडं मुळासकट आडवी झाली आणि निम्मी छपरं शेतात जाऊन पडली.

पाहणीला आलेला साहेब म्हणाला, "वादळ तसं किरकोळच होतं."

"याच्या डोक्यावरचं उडालं असतं म्हणजे कळलं असतं किरकोळ," आत्या म्हणाली.

आत्याच्या घराचा एकच पत्रा उडाला होता. पण नेमका आतोबांच्या खाटेवरचा.

आतोबांना अर्धांगवायू झालेला. दुसऱ्या खोलीत खाट मावत नाही. आणि पाऊस तोंडावर आलेला.

दादाने सगळी गिऱ्हाइकं सोडून आधी आत्याचं काम हातात घेतलं. दुकानात नवे पत्रे शिल्लक नव्हते. बांधावर एक हिरवा पत्रा पडलेला दिसला. कुणाचा ते कुणाला ठाऊक? त्या दिवसांत जो तो सापडेल तो पत्रा चढवत होता. दादानेही चढवला.

सकाळी पत्रा खाली.

भिंतीला टेकवून उभा केलेला. आणि शेजारी बोल्ट... नीट ओळीत मांडलेले.

वारा काही बोल्ट ओळीत मांडत नाही. दादाने आख्ख्या आळीला शिव्या घातल्या आणि पत्रा पुन्हा बसवला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"लोक तिकडे माझ्या नावाने खडे फोडतायत आणि मी इथे एकाच पत्र्याशी झोंबतोय," दादा वैतागला. "कोण रिकामटेकडा आहे ते बघतोच आता."

त्याने पत्रा परत चढवला आणि रात्रीची वाट न बघता भर उन्हातच अंगणात ठाण मांडून बसला.

एक पाखरू नाही. बसायला झाडंच उरली नव्हती.

आणि मग... कर्र. कर्र.

पाना फिरल्याचा आवाज. तो दादाला झोपेतही ओळखता येईल.

तो शिडी चढून वर गेला. छप्पर रिकामं होतं. फक्त एक बोल्ट... आपोआप सैल होत होता.

खालून आतोबांचा आवाज आला. "त्याचं त्याला देऊन टाक बाबा. रोज मागतोय."

"कोण?"

"सुतार."

म्हातारा सुतार वस्तीच्या टोकाला एकटा राहायचा. तो मेला, तेही लोकांना फार उशिरा कळलं होतं. त्याच्या बंद घराचं छप्पर हिरवं होतं, आणि आता त्याला एक भगदाड पडलं होतं.

दादा पत्रा घेऊन तिकडे गेला. पण वरून बोल्ट आवळायचा तर आतून कुणाला तरी नट पान्याने धरून ठेवावा लागतो. आत जायला कोण तयार होणार? त्याने पत्रा नुसता भगदाडावर टाकला, वर दगड ठेवले.

"भागव आता यावर," असं चिडून म्हणाला आणि उतरला.

हे बोलायला नको होतं, असं तो आजही म्हणतो.

दोन दिवसांनी नवा पत्रा मिळाला. दादा आत्याच्या छपरावर चढला आणि खाली हाक मारली, "आत्या, नट धर गं."

एकेक बोल्ट झटक्यात आवळला गेला. एरवी आत्याचा पाना दर वेळी सटकतो.

"आज हात बसला की तुझा."

"काय रे म्हणतोस?" आत्याने विचारलं... रस्त्यावरून. तिच्या दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या होत्या.

दादा कसाबसा उतरून आत धावला. खोलीत फक्त आतोबा होते. त्यांची नजर छपराकडे लागलेली.

"तिकडे एकट्याला करमत नाही म्हणतो," ते शांतपणे म्हणाले. "इथेच राहील."

त्या छपरातून पावसाळाभर एक थेंब गळला नाही. दादा त्या पत्र्याला हात लावत नाही. लावला तर आतोबा भिजणार, आणि त्यांना घेऊन आत्या जाणार कुठे?

परवा मी तिच्याकडे गेलो होतो. आतोबांच्या खोलीत जाताना आत्याने आधी दार वाजवलं. मग थोडं थांबली, आणि मला म्हणाली, "चल, आता आत जाऊ या."