तेरावा प्रश्न

जाहिदाबाईंच्या पत्राला वामनरावांनी तीन आठवडे उत्तर दिलं नव्हतं. जुईनगरहून आलेलं ते पत्र आभाराचं होतं. तरीही ते पुन्हा उघडायचा त्यांना धीर होत नव्हता.

कोपरखैरण्याच्या एका आरोग्य केंद्रासाठी त्यांनी प्रश्नावली लिहून दिली होती. कुणाला मधुमेहाचा, हृदयविकाराचा किती धोका आहे, याचा आधीच अंदाज यावा म्हणून. तंबाखू खाता का, चालताना धाप लागते का, आईवडिलांपैकी कुणाला झटका आला होता का, असे बारा प्रश्न. आयुष्यभर ग्रंथालयात दुसऱ्यांची पुस्तकं सांभाळलेल्या माणसाचं हे पहिलंच छापील लिखाण. बोनकोड्याच्या म्हाताऱ्यांनाही ते न अडखळता समजत होतं. "आमच्या ह्यांनी लिहिलंय," असं राजाबाई सोसायटीभर सांगून आल्या होत्या.

"काका, एक नंबर!" डॉक्टर मोनाली म्हणाल्या. "आणि तेरावा प्रश्न तर कमाल. सगळे तिथे थांबतात, विचार करून लिहितात."

घरी येऊन वामनरावांनी मोजले. बारा. पुन्हा मोजले. बाराच. डॉक्टरांना विचारायचं धाडस झालं नाही. खरं तर कौतुक सोडवत नव्हतं.

मग ते पत्र आलं. 'तेराव्यापुढे माझ्या मिस्टरांनी लिहिलं, मशिदीची चौथी पायरी. तिथवर चढून ते रोज दम खात बसतात, हे त्यांनी मला कधी सांगितलंच नव्हतं. तशीच त्यांना तपासायला घेऊन गेले. हृदयाची शीर बंद होत आली होती. तुमच्यामुळे ते वाचले. आता आमच्या मुलालाही, आतिफला, तपासायला हवं, पण तो छापील फॉर्म फेकून देतो. तुम्ही सगळे प्रश्न हाताने लिहून पाठवा. मोठ्या माणसाचं पत्र तो टाकणार नाही.'

पोराच्या जिवाचा प्रश्न होता, आणि वामनरावांना तो प्रश्नच ठाऊक नव्हता.

शेवटी त्यांनी बारा प्रश्न सुवाच्य अक्षरात उतरवले. खाली लिहिलं, 'तेरावा माझा नाही. क्षमा असावी. पण आतिफ, तपासणी कर.' कागद राजाबाईंपुढे धरला.

"चुका बघ जरा."

राजाबाई मोठ्या ऐटीत वाचू लागल्या. बाराव्यानंतर आवाज थांबला. डोळे मात्र ओळीवरून सरकत राहिले.

"काय झालं?"

"तेरावा आहे की. तुमचंच अक्षर."

त्यांनी कागद ओढून घेतला. बारा, आणि खाली क्षमा.

"वाचून दाखव."

"नको. तो तुम्हाला नाही विचारलेला."

"मग कुणाला?"

"मला," म्हणत राजाबाईंनी पाकीट स्वतः चिकटवलं. "चला, मीपण येते."

चाळीस वर्षांत चारचौघांत त्यांनी कधी नवऱ्याचा हात धरला नव्हता. आज गेटपासूनच धरला.

पाकीट टपालपेटीत पडलं, तरी त्यांनी तो सोडला नाही.