जुळवायचं कुणी कुणाशी

“जो वर येऊ शकत नाही ना, त्याच्यापाशी बाकीच्यांनी खाली यायचं. आणि खाली आलो म्हणून मान खाली घालायची नाही!”

बाबांचं हे वाक्य मी रोज सरावाआधी मनात म्हणते. देवापुढे जोडते तसेच त्यांच्या बँड चालवायच्या काठीपुढे हात जोडते, आणि मगच ती उचलते. त्या दिवशीही उचलली. बावीस निवृत्त सैनिकांनी वाद्यं ओठांना लावली, खोलीत सूर भरला... आणि धाडकन दार उघडलं.

“माफ करा, पण तुम्ही सगळेच्या सगळे उतरलेले आहात!”

दारात एक उंच माणूस. कानावर पेन्सिल, खांद्याला चामडी पिशवी आणि चेहरा दाढ दुखत असल्यासारखा.

“उतरलेले?” ढोलवाले आजोबा गरजले. “निवृत्त म्हण हवं तर!”

तो खळखळून हसला. खिशातून सूरकाटा काढून त्याने गुडघ्यावर आपटला आणि माझ्या कानाशी धरला. इतका जवळ, की त्या बारीक सुराआधी त्याच्या बाहीचा ताज्या लाकडाचा वासच मला कळला.

“ऐकलंत? हा खरा सूर.”

“आमचाही खराच आहे,” मी म्हणाले.

“काय? ऐकू नाही आलं.”

“मी हळू बोलते.”

“मग हे एवढे पितळी भोंगे तुमचं ऐकतात कसे?”

“हळू बोललं की समोरच्याला जवळ यावं लागतं.”

तो खरंच एक पाऊल जवळ आला. मागे कुणीतरी उगाचच झांज वाजवली.

तो पियानो जुळवणारा होता. आमची सरावाची खोली सभागृहाच्या मागे, आणि तीन आठवड्यांनी बँडच्या वर्धापनदिनाला तिथल्या पियानोसोबत वाजवायचं होतं. त्यासाठी तो आला होता. दुसऱ्या दिवशी पेन्सिल विसरली म्हणून आला. तिसऱ्या दिवशी पेन्सिल कानावरच होती, तरी आला.

“पण मुद्दाम खाली का वाजवता?” त्याने विचारलं, तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं.

एकतीस वर्षांपूर्वी लढाईवरून परतलेले बाबांसकट सात जण इस्पितळाच्या धुलाईखोलीत जमायचे. वाद्यं मागून आणलेली. त्यांतल्या एकाच्या जबड्यात धातूची पट्टी होती. तेच आमचे भोंगाकाका. त्यांचा सूर वर चढेचना. भोंग्याची नळी पार आत ढकलली, तरी नाही. पहिल्याच दिवशी ते मुकाट्याने भोंगा पेटीत ठेवायला लागले, तेव्हा बाबा ते वाक्य बोलले. बाकी सहा जणांनी आपापल्या नळ्या बाहेर ओढल्या, सूर उतरून काकांच्या सुराशी येईपर्यंत. तेव्हापासून बँडमध्ये नवा माणूस आला की आधी नळी अर्धं बोट बाहेर ओढतो. हीच आमची भरती.

“आणि तुमची भरती?”

“बाबा गेले तेव्हा कधी वर्दी न घातलेल्या बाईच्या हातात काठी नको, म्हणून दोघं बँड सोडून गेले. काकांनीच काठी हातात दिली. म्हणाले, सूर सांभाळ पोरी, हुकूम आपोआप येईल.”

तो माझ्याकडे फक्त बघत राहिला... आणि मी उगाच वहीची पानं उलटत राहिले.

कार्यक्रमाला आठ दिवस उरले आणि सभागृहाच्या व्यवस्थापकांचं पत्र आलं. ‘कार्यक्रमात बँड व पियानो एका सुरात असणे बंधनकारक आहे. न जमल्यास संबंधित वादकास वगळावे, अन्यथा सरावाची खोली रिकामी करावी.’

भोंगाकाकांनी भोंगा पुसला आणि पेटी उघडली.

“पोरी, एका भोंग्यापायी सगळे रस्त्यावर नकोत.”

मी भोंगा उचलून परत त्यांच्या मांडीवर ठेवला.

“खोली गेली तर अंगणात वाजवू, काका. अंगण गेलं तर रस्त्यात. पण हा भोंगा पेटीत जाणार नाही!”

त्या दिवशी माझं बोलणं ऐकायला कुणालाही जवळ यावं लागलं नाही.

तशीच मी व्यवस्थापकांकडे गेले. ते म्हणाले, “बाई, तुम्ही सैन्यात नव्हता. शिस्त म्हणजे काय ते तुम्हाला—”

“शिस्त म्हणजे मागे पडलेल्याला टाकून पुढे न जाणं,” मी म्हणाले. “बावीस जणांकडून शिकलेय.”

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. त्यांना उद्यापर्यंत उत्तर हवं होतं.

परत आले तर तो पियानो जुळवणारा आमच्या पायरीवर बसलेला. मी पत्र त्याच्या हातात दिलं. त्याने ते दोनदा वाचलं आणि हसायलाच लागला.

“हसताय काय!”

“‘एका सुरात असणे.’ बरोबर? कुणी कुणाकडे यायचं, हे कुठे लिहिलंय?”

“म्हणजे?”

“सव्वादोनशे तारा आहेत. सगळ्या खाली आणतो. तुमच्या काकांपाशी.”

“अहो!”

खोलीतून ढोलवाले आजोबा मोठ्यांदा खोकले. माझे कान तापले. “म्हणजे... तसं ‘अहो’ नाही... तुमचं काम जाईल!”

“‘अहो’ राहू द्या. सुरात लागलं.” त्याचा आवाज एकदम शांत झाला. “मला ‘जुळवा’ म्हणून सांगितलंय. मी जुळवणार. विचारलं तर तोंडावर सांगेन, आणि तुमच्यासारखं हळू नाही.”

“पण एवढ्या तारा...”

“तेवढंच नाही. तारांना जुन्या जागेची सवय असते. खाली आणल्या तरी पुन्हा वर सरकतात. कार्यक्रमापर्यंत रोज यावं लागेल.”

“आणि... कार्यक्रमानंतर?”

“काय? ऐकू नाही आलं.”

लबाड! चांगलं ऐकू आलं होतं. तरी तो उठून जवळ आला.

“कार्यक्रमानंतर?” मी पुन्हा विचारलं.

“तुमचा तो काठीला हात जोडायचा नेम किती दिवसांचा आहे?”

“जन्माचा.”

“मग माझाही तेवढाच धरा.”

मी मागे वळले, दार उघडलं आणि म्हणाले, “काका, यांना सूर द्या.”

काकांनी भोंगा ओठांना लावला. तोच सूर... जाडसर, उतरलेला, एकतीस वर्षांचा. त्याने डोळे मिटून तो ऐकला. मग खिशातला सूरकाटा काढून माझ्या तळहातावर ठेवला. अजून कोमट होता.

“हा तुमच्याकडे असू द्या. आता मला याची गरज नाही.”

त्याने पिशवी खांद्याला लावली आणि काकांचा सूर विसरू नये म्हणून तो ओठांतल्या ओठांत गुणगुणत, हळूहळू सभागृहाकडे चालू लागला.