सातवी चौकट

"प्रदर्शन संध्याकाळी पाचला उघडतंय," दारात उभा असलेला तरुण म्हणाला, "आणि सातवी चौकट रिकामी आहे."

त्याचं नाव सेरेय. शर्टाची बटणं एकेक घर चुकवून लावलेली, म्हणजे सकाळपासून आरशासमोर उभा राहिला नव्हता. नेआरी खाजगी तपास करायची. तिने त्याला खुर्ची दिली. तिचा मावसभाऊ पिसेत याने शेवयांचा वाडगा नाइलाजाने बाजूला सारला. पिसेत निवृत्त हवालदार होता. आता तो नेआरीचा मदतनीस होता आणि रिक्षाही तोच हाकायचा. उपाशीपोटी त्याला काही सुचत नसे आणि भरल्या पोटी झोप येई.

"काय गेलं?" नेआरीने विचारलं.

"एक फोटो. तळहाताएवढा. बाजारात त्याला कुत्रं विचारणार नाही, पण जगात तेवढा एकच आहे. पोलिसांना कळवलं तर ते दालनाला कुलूप घालतील. म्हणून तुमच्याकडे आलो."

प्रदर्शन होतं नदीकाठच्या जुन्या नाट्यगृहात. साठच्या दशकाच्या आगेमागे आमचं नॉम पेन्ह पंधरा वर्षं बहरलं. थिएटरं उभी राहिली, खेळाची मैदानं झाली, खांबांवर तोललेली हवेशीर घरं आली, चित्रकार आले, गाणारे आले. त्यानंतर बंदूकवाल्यांचं राज्य आलं; तेव्हा काय झालं ते आम्ही एकमेकांना सांगत बसत नाही. साठीच्या माणसाला इथे कोणी 'घरी कोण कोण असतं' असं विचारत नाही.

हे नाट्यगृह ज्या वास्तुकचेरीने बांधलं, तिथल्या अकरा जणांचे फोटो सेरेयने चार वर्षं खपून जमवले होते. त्यांतला एकही परत आला नव्हता. फोटोंखाली एक लांब फळी होती. फळीवर उदबत्त्यांचं भांडं आणि प्रत्येक फोटोपुढे कमळाची एक कळी. पितरांचा पंधरवडा चालू होता. सेरेय वाढला परदेशात, पण आपली रीत आपण पाळावी असं त्याला मनापासून वाटलं होतं.

नेआरी भिंतीपुढे उभी राहिली. सातवी चौकट खिळ्यावर सरळ टांगलेली होती. काच पुसलेली, आत फक्त पांढरा पुठ्ठा. पुठ्ठ्याच्या कडेला तपकिरी बोट उमटलं होतं. मागच्या चारही टाचण्या उपसून फळीवर एका ओळीत ठेवल्या होत्या.

"कॉफीचा डाग," पिसेत म्हणाला.

"असेल. हा कोण होता?"

"यिम साराय," सेरेय म्हणाला. "ड्राफ्ट्समन. समोरचा जिना त्याने काढलाय. त्याचा मूळ नकाशा हा इथेच, शेजारी. संग्रहालयं त्यासाठी भांडतील, आणि चोराने त्याला हातसुद्धा लावला नाही. नेली काय, तर फोटोखालची पाटी."

"पाटीवर काय होतं?"

"नाव आणि दोन सालं. एकेचाळीस ते सत्त्याहत्तर."

"घरचं कोणी?"

"नाही सापडलं. रेडिओवर तीनदा जाहीर केलं होतं."

पहारेकरी दारातच होता. "साडेसातला मी अकरा फोटो मोजले, बाई. नऊला साहेब ओरडले. मधे आत तिघंच होती. कचेरीच्या थोरल्या वास्तुतज्ज्ञांची लेक सोथिया, बिल्डर हुय, आणि कमळवाली सावोनमावशी. मावशी सातलाच आलेली. दहा कळ्या आणल्या होत्या. मी म्हटलं, एक कमी आहे. तर म्हणते, बरोबर आहेत. आता म्हातारपणी मोजदाद कुठली जमायला."

नेआरीने फळीकडे पाहिलं. सातव्या फोटोपुढची जागा मोकळी होती.

सोथिया वडिलांच्या नकाशांपाशी बसली होती. हातात कॉफीचा पेला होता. पिसेतने ताईला कोपराने ढोसलं.

"हो, मी सेरेयशी भांडले," सोथिया म्हणाली. "जिन्याच्या नकाशाखाली त्या ड्राफ्ट्समनचं नाव लावलंय. अख्खी इमारत माझ्या वडिलांची. उद्या म्हणाल, विटा गवंड्याने रचल्या तर त्याचंही नाव लावा."

"लावायला काय हरकत आहे?" नेआरी म्हणाली. "नकाशाखालची ती पाटी अजून तिथेच आहे ना?"

"आहे. मला जे करायचं ते मी तोंडावर करते."

हुयचा डावा हात बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. "स्कूटरवरून पडलो," तो म्हणाला. "आणि लपवायचं कशाला? ही जागा मला हवी आहे. पण एक फोटो चोरून इमारत पडते का? मी सुरुंग लावणारा माणूस आहे, टाचण्या उपसणारा नाही."

सावोनमावशी बाहेर जिन्याच्या तळाशी बसली होती. पुढ्यात बादली, मांडीवर चौकड्यांचा पंचा. बोलता बोलता ती कळीच्या पाकळ्या आत दुमडत होती. देठांच्या चिकाने तिची बोटं तपकिरी पडली होती.

"पंधरवड्यात धंदा जोरात असेल, मावशी," पिसेत शेजारी बसत म्हणाला.

"पितरांना फुलं लागतातच, बाबा. तुझे विहार झाले का?"

"तीन झाले, चार राहिलेत. सातही करावे लागतात. बिचारे दारोदार हिंडतात, आपल्या माणसाचं ताट दिसलं नाही तर उपाशी परततात. तुम्ही भिक्खूंकडून कोणाची नावं वाचून घेतलीत?"

"आई, बाप, धाकटा भाऊ. तिघंच."

"आणि यजमान?"

"ते कामावर गेलेत," ती म्हणाली आणि पुढची कळी उचलली.

"थायलंडला असणार," जिना चढताना पिसेत म्हणाला. "या वयात मजुरी म्हणजे कठीण आहे. ताई, मला तर ती कॉफीवाली वाटते."

नेआरीचा चेहरा उतरला होता. तीन वाजता तिने सगळ्यांना सातव्या चौकटीपुढे बोलावलं आणि मावशीला हाताला धरून आणलं.

"हुयसाहेब यात नाहीत," तिने सुरुवात केली. "चार टाचण्या न वाकवता काढायला दोन हात लागतात. सोथियाबाई असत्या तर राग जिन्याच्या श्रेयावर निघाला असता. ती पाटी जागेवर आहे. लोभी माणसाने नकाशा नेला असता. आणि प्रदर्शन मोडायला आलेल्याने काच पुसून चौकट परत टांगली नसती. या माणसाच्या तसबिरीला धक्का लागू नये असं वाटणाऱ्याचं हे काम आहे."

"मग नेली कशाला?" सोथियाने विचारलं.

"त्याला इथून सोडवायला. फोटोबरोबर पाटीही गेली, कारण पाटीवर दुसरं साल होतं. सेरेय, उदबत्ती आणि कमळ आपण कोणापुढे ठेवतो?"

सेरेयची नजर फळीवर गेली. उत्तर नेआरीनेच दिलं.

"मेलेल्यापुढे. रीत तुम्ही बरोबर पाळलीत. पण या अकरांपैकी एकाची वाट पाहणारं कोणी असेल, हे तुमच्या मनात आलं नाही. ज्याची वाट पाहतो त्याचं नाव या पंधरवड्यात कोणी विहारात देत नाही. दिलं की तो मेला. अशा बायका या शहरात अजून आहेत. पिसेत, कळ्या किती वाजता आल्या?"

"सातला. दहा."

"आणि साडेसातला फोटो अकरा होते. चोरीच्या आधीच कोणाला तरी माहीत होतं की कमळं दहांनाच हवीत. तो डाग कॉफीचा नाही, कमळाच्या चिकाचा आहे. पिसेतने आईबापांबरोबर यजमानांबद्दल विचारलं, तर उत्तर आलं, ते कामावर गेलेत."

मावशीने पंच्याच्या घडीतून फोटो काढला. पाटीही काढली.

"काल कळ्यांसाठी फळी पुसताना पाहिलं," ती म्हणाली. "जित्या माणसाला उदबत्ती लावलेली. मला बघवलं नाही."

"आमच्याकडे मागायचं होतं, आजी," सेरेय म्हणाला.

"तू त्यांना मेलेलं ठरवलंस. तुझ्याकडे काय मागू?" ती फोटोकडे पाहत बोलू लागली. "बंदूकवाले शहर रिकामं करायला घराघरांतून माणसं बाहेर काढत होते. हे म्हणाले, नकाशे लपवून येतो, तू पुढे हो. चुकामूक झालीच तर माझ्या जिन्याखाली थांब. शहर परत उघडलं तशी मी येऊन बसले. माझ्याकडे यांचा एकही फोटो उरला नव्हता. चेहरा विसरत चालले होते मी. भुवई अशी होती, हे काल कळलं."

सोथियाने पेला खाली ठेवला. तिला रडू आवरलं नाही.

मावशीने पाटी सेरेयपुढे धरली. "हा दुसरा आकडा. हा तू अंदाजाने घातलास ना?"

सेरेयने नेआरीकडे पाहिलं. आकडा अंदाजाचा नाही, हे तिला त्या नजरेतून कळलं.

"मावशी," नेआरी हळूच म्हणाली, "सेरेयला नक्की माहीत आहे. तुम्हाला ऐकायचं असेल तरच विचारा. नाहीतर फोटो घ्या आणि घरी चला. कोणी अडवणार नाही."

म्हातारीने पाटी पंच्याने पुसली. मग म्हणाली, "सांग."

"तुरुंगाची वही आहे," सेरेय म्हणाला. "नाव, गाव, धंदा ड्राफ्ट्समन, बायकोचं नाव सावोन. सत्त्याहत्तरचा मार्च. मी स्वतः वाचलंय."

"माझं नाव सांगितलं त्यांनी?"

"हो."

ती फळीला टेकून खाली बसली. बोटांवर काहीतरी मोजू लागली, आणि नेआरीला वाटलं आता ही रडेल. ती रडली नाही.

"म्हणजे पस्तीस वर्षं," ती म्हणाली. "पस्तीस पंधरवडे ते सातही विहार फिरले असतील. माझं ताट कुठे दिसतंय का बघत. आणि मी इथे बसून लोकांच्या पितरांना फुलं विकली. उपाशी ठेवलं मी त्यांना, पोरी."

पिसेत उठून बाहेर गेला. नेआरीने आजवर बऱ्याच जणांना खरं काय ते सांगितलं होतं. त्या दिवशी तिला पहिल्यांदा वाटलं की आपण हे काम घ्यायला नको होतं.

प्रदर्शन पाचला उघडलं. सेरेयने फोटोची प्रत करून चौकटीत लावली आणि मूळ फोटो मावशीला दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिसेतच्या रिक्षातून नेआरी, मावशी आणि तो विहारात गेले. मावशीने पहाटे उठून आंबट रस्सा, भाजलेला मासा आणि केळ्याचा गोड भात केला होता. चार डबे झाले होते. रांग मोठी होती. वही घेऊन बसलेल्या तरुण भिक्खूने विचारलं, "नाव?"

मावशीने डबे खाली ठेवले. नेआरीने पाठीवर हात ठेवला.

"यिम साराय," ती म्हणाली.

भिक्खूने नाव लिहिलं, एकदा मोठ्याने वाचलं आणि पान उलटू लागला.

तिने पानावर हात ठेवला. "पस्तीस वेळा वाचा, महाराज. राहून गेलंय."

भिक्खूने तिच्याकडे पाहिलं. मागच्या रांगेकडे पाहिलं. मग पान परत सरळ केलं आणि वाचायला लागला. मागे पन्नास-साठ माणसं डबे घेऊन उभी होती. पस्तिसाव्या नावापर्यंत कोणी जागचं हललं नाही.