ताप नसलेलं आजारपण

खिंडीवरच्या हवामान केंद्रात राहणाऱ्या ताईला औषधं पोचवायची, एवढ्यासाठीच नर्स सकाळी दहाला निघाली. पण पहिल्या वळणापासूनच तिच्या मनात पाल चुकचुकत होती. फोन बंद पडण्याआधी ताई म्हणाली होती, "तिघांचीही डोकी ठणकतायत गं, ओकाऱ्या होतायत. शिळं बाधलं असेल."

तिघं म्हणजे ताई, भावजी आणि ताईच्या सासूबाई. सासूबाई तर दोन दिवस नुसत्या दुधावर होत्या. मग त्यांना शिळं कसं बाधलं? शिवाय ताप एकालाही नाही. भावजी बर्फ उपसायला बाहेर गेले की टुणटुणीत, घरात आले की आडवे! हे कसलं आजारपण?

संशय गाडीच्या ड्रायव्हरवरही होता. गावात त्याला कासव म्हणत. बर्फात घसरू नये म्हणून चाकांना साखळ्या चढवायलाच त्यानं अर्धा तास घालवला. गोठलेल्या तळ्यावरची जवळची वाट तर त्यानं साफ धुडकावली. 'हा मुद्दाम वेळ काढतोय,' तिला वाटलं.

शेवटच्या चढावर वादळानं गाठलं. समोरचं सगळं पांढरं झालं आणि गाडी बर्फात रुतली ती रुतलीच! कासवानं इंजिन बंद केलं आणि फावडं घेऊन तो मागे गेला. बराच वेळ झाला तरी येईना. नर्स तावातावानं खाली उतरली.

"काका, तिकडे माणसं आजारी आहेत आणि तुमचं हे काय चाललंय?"

"धुराची नळी मोकळी करतोय, सिस्टर. ही बुजलेली असताना इंजिन चालू ठेवलं तर विषारी वायू आत शिरतो. ना वास, ना रंग. आधी डोकं दुखतं, मग मळमळतं, मग माणूस झोपतो तो कायमचा."

हे तर नर्सनं शिकताना पाठ केलं होतं!

"काका, ताईकडे कोळशाची शेगडी आहे! तीन दिवस बर्फ पडतोय, तिचं धुराडं बुजलं असणार!"

ती धावत सुटणार, तोच त्यानं तिचा दंड धरला. "असल्या वाऱ्यात गाडी सोडायची नाही. खांब दिसू देत."

पुढची वीस मिनिटं तिनं दात-ओठ खात काढली. वारा जरा पडला. रस्त्याकडेचे खांब दिसू लागले. दोघांनी कमरेला एकच दोर बांधला. एक खांब. दुसरा खांब. सातव्यापाशी नर्स छातीपर्यंत खड्ड्यात गेली! कासवानं दोर खेचला. ती वर आली, पुन्हा चालू लागली.

केंद्राच्या घरातून हाकेला ओ आली नाही. आतून कडी होती. कासवानं फावड्यानं खिडकी फोडली. नर्स श्वास रोखून आत शिरली, तिनं कडी काढली. दार सताड उघडलं! आधी सासूबाई, मग ताई, मग भावजी; तिघांनाही त्यांनी पांघरुणांसकट ओढून ओसरीवर आणलं. शेगडीतले निखारे विझवून कासव छपरावर चढला. धुराड्यावर बर्फाचं घट्ट बूच बसलं होतं.

नर्स ताईच्या गालावर चापट्या मारत राहिली. "ताई! अगं, डोळे उघड!"

बऱ्याच वेळानं भावजी खोकले. मग ताई कण्हली. शेवटी सासूबाईंनी एक डोळा उघडला आणि त्या करवादल्या, "दार कुणी उघडं टाकलंय? लावा आधी! थंडी मरणाची आहे."

"खबरदार कुणी दाराला हात लावला तर!" नर्स ओरडली आणि त्यांच्या गळ्यात पडून रडू लागली.