साक्षीची पिशवी

"आमच्या कारकुनाला, आनंदला, मुलासारखं मानलं होतं," लाकडाचे निर्यातदार उत्तरेश्वर म्हणाले. "आज पोलिसांत देणार."

खाजगी गुप्तहेर पूर्णिमानं टेबलावरची प्लास्टिकची पिशवी उचलली. आत कागदाच्या लगद्यासाठीच्या पाइनच्या चिप्स होत्या.

"एवढ्याशा ढलप्यांसाठी पोलीस?" तिचे सहकारी दत्तोबा म्हणाले. निवृत्त हवालदार, पण डोकं अजून ड्युटीवर यायचं होतं.

"आमचा माल कोरड्या वजनावर, म्हणजे ओलावा वगळून, विकला जातो. म्हणून जहाज भरताना नमुना हवाबंद करायचा. वाद झाला की तोच साक्षीदार. जपानी गिऱ्हाईक म्हणतं, माल ओला होता. आणि कपाटातली पिशवी कुणीतरी उघडलेली!"

"दुसरं गिऱ्हाईक बघा," दत्तोबा म्हणाले.

"कुठलं? जपानची खरेदी आटत चाललीय. चीनला बहुतेक निलगिरी-बाभळीच्या चिप्स लागतात."

नमुना उत्तरेश्वरांच्या एकुलत्या एक मुलानं, विक्रमनं, बंद केला होता. बंदरावरच्या त्या फेरीहून तो परतला आणि पुढे वाघोलीजवळ अपघातात गेला.

पिशवीची चीर ज्योतीवर वितळवून पुन्हा चिकटवली होती. कड नागमोडी, काजळलेली.

"कपाटाची किल्ली माझ्याकडे असते," दारात उभा असलेला आनंद म्हणाला. "पण विक्रमनं बंद केलेली पिशवी उघडायचा मला धीर होणार नाही."

"दुसरी किल्ली?"

"वर घरात, खुंटीला," उत्तरेश्वर म्हणाले.

वर उत्तरेश्वरांच्या पत्नी सत्यशीलाबाईंनी चहा दिला. दत्तोबांनी बसायला खुर्चीवरचा शर्ट उचलला.

"राहू द्या. तो धुवायचा नाहीये," बाई घाईनं म्हणाल्या. निघताना त्यांनी चिवड्याची प्लास्टिकची पुडी दिली.

"नारायण पेठेत न मागता चिवडा? बाईंची तब्येत बरी आहे ना?" जिन्यात दत्तोबा पुटपुटले. पुडी त्यांना दातांनीही फुटेना. पूर्णिमानं ती काढून घेतली आणि सगळ्यांना वर बोलावलं.

तिनं पिशवी आणि पुडी शेजारी ठेवल्या.

"दोन्ही कडा सारख्याच. मेणबत्तीवर चिकटवलेल्या. घात करणारा उघडलेली पिशवी इतक्या जिव्हाळ्यानं बंद करत नाही. किल्ली खुंटीला होती. आणि तो शर्ट... बाई, विक्रमच्या शर्टाचा वास गेला ना?"

सत्यशीलाबाईंनी खुर्चीवरचा शर्ट जवळ ओढला.

"बंदरावरून यायचा तेव्हा त्याला असाच पाइनचा वास यायचा. शर्टातला उडाला. पिशवी त्याच्या हातची होती. थोडासाच वास घेतला आणि लगेच बंद केली हो."

उत्तरेश्वरांना आनंदकडे बघवेना. "मी तुला चोर ठरवलं रे," ते म्हणाले.

"असू दे, काका."

उत्तरेश्वरांनी पिशवी फाडली, तोंडाजवळ धरली आणि खोल श्वास घेतला. वास जवळजवळ नव्हताच.

"उघडलीस तेव्हा मला का नाही गं हाक मारलीस?"