बावन्न किलो

दार राहू दे उघडं, वाराच आहे नुसता. आणि हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. ज्यांच्यावर हे गुदरलं, ते एकवीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसत होते.

ऑफिस वजनमापाचं. खरं नाव घेत नाही, सगळे त्यांना काटेसाहेब म्हणायचे. ते बाजारात शिरले की तराजू आपोआप सरळ व्हायचे. स्वभाव भारी संशयी. बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, दिलेला चहासुद्धा आधी हुंगून बघायचे.

निवृत्त झाल्यावर चार महिन्यांनी दोघं सुट्टीला समुद्रकाठी गेले. समोरच एक बेट. काकूंना बोट लागते, म्हणून छोट्या विमानाची तिकिटं काढली. वीस मिनिटांचा प्रवास. एकवीस जानेवारी, मंगळवार, संध्याकाळी सहा चाळीसचं शेवटचं उड्डाण. अंधार पडला होता.

विमानतळ कसला, एक पत्र्याची शेड. आत बाकडं, टेबल आणि वजनाचा काटा. विमान पायलट सोडून आठ सीटचं. कोण कुठे बसणार ते वजनावर ठरतं, म्हणून सामानाबरोबर माणसांनाही काट्यावर उभं करायचे.

"अहो, त्यांना म्हणावं, आकडा मोठ्याने वाचू नका," काकू कुजबुजल्या.

वजन पायलट स्वतःच करत होता आणि लिहीतही होता. चाळिशीतला माणूस, डोळे तारवटलेले.

काटेसाहेबांच्या डोक्यात बेरीज सुरू झालीच. प्रवासी सात, सामानासकट पाचशे चाळीस किलो. त्यांनी कागदावर डोकावून पाहिलं. पाचशे ब्याण्णव! मागच्या डाव्या सीटपुढे नाव नव्हतं. नुसतं लिहिलं होतं, बावन्न.

"हे बावन्न किलो कोणाचे?"

पायलटने कागद पालथा घातला. "ते असू दे, काका."

"असू दे कसं? कुठेतरी पाणी मुरतंय. काय नेताय लपवून?"

पायलट त्यांना बाजूला घेऊन गेला. हळू आवाजात म्हणाला, "दोन वर्षांपूर्वी याच वेळेला एक बाई आली होती. नवरा तिकडे बेटावर, शेवटच्या घटका मोजत होता. मी वजन केलं, लिहिलंसुद्धा. मग कळलं, विमान भरलंय. खोडलं. म्हटलं, सकाळी या."

"मग?"

"सकाळी बाकड्याखाली नुसत्या चपला होत्या. समुद्र काय, समोरच आहे... तेव्हापासून ती सीट मी कुणाला देत नाही. वजन मात्र लिहितो."

काटेसाहेब मनातल्या मनात हसले. चोरटा माल नेणाऱ्यांच्या असल्या रडकथा त्यांनी ढिगाने ऐकल्या होत्या.

"माझ्यादेखत खोटं वजन चढणार नाही. खोडा. नाहीतर तक्रार करतो."

पायलटने बावन्नवर रेघ मारली. "मागे तुम्हीच बसा मग," म्हणाला.

काकूंना पुढे बसवलं. काटेसाहेब मागे, उजवीकडे. बसण्याआधी त्यांनी मोबाइलच्या उजेडात शेजारची सीट तपासली. खाली काही नाही. मागे काही नाही. फक्त तिचा पट्टा लावलेला होता.

त्यांनी पट्ट्याखाली बोट घालून पाहिलं. बोट शिरेना. रिकाम्या सीटवर पट्टा... हवेत ताणलेला.

तेवढ्यात विमान धावायला लागलं.

उडालं खरं. पण शेपूट वर येईना. नाक आभाळाकडे. इंजिन ओरडत होतं. पुढे कसलासा भोंगा वाजायला लागला. खाली काळं पाणी. जवळ येत होतं.

"अहो!" काकूंची किंकाळी.

पायलटने मागे वळून पाहिलं नाही. गुडघ्यावरचा कागद आणि पेन तेवढं मागे सरकवलं. या हातातून त्या हातात, शेवटी काटेसाहेबांच्या हातात.

"लिहा, काका! तुम्ही खोडायला लावलंत... तुम्हीच लिहा!"

छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्या माणसाने एक गुंज खोटी लिहिली नव्हती. लोक ओरडत होते. पाणी दिसत होतं, लाटांसकट. त्यांनी कागद मांडीवर धरला. खोडलेल्या आकड्याच्या बाजूला लिहिलं...

बावन्न.

भोंगा थांबला.

नाक खाली आलं. विमान सरळ झालं. काटेसाहेबांनी डोळे मिटून घेतले. शेजारी...

नाही. त्यांनी पाहिलं नाही.

बेटावर उतरल्यावर सगळे जण घाईघाईने चालू लागले. काटेसाहेबांनी वळून एकदाच विचारलं, "ती इथे उतरते का हो?"

"पट्टा सुटल्याचा आवाज येतो," पायलट म्हणाला. "मी मागे बघत नाही."

परत येताना दोघं बोटीने आले. काकूंना सगळा वेळ उलट्या झाल्या, पण त्यांनी हूं की चूं केलं नाही.

तर बेटावर उतरलो त्याच रात्री, असं ते सांगतात, हॉटेलच्या खोलीत, काकू त्यांच्या शर्टाची घडी घालत होत्या. मध्येच थांबल्या.

"अहो, डाव्या बाहीला कुणी धरलं होतं?"

दंडावर चुण्या पडल्या होत्या. बाहेरच्या बाजूला चार. आतल्या बाजूला एक.

सात वर्षं झाली. तो शर्ट धुऊन झाला, कडक इस्त्री करून झाला, शेवटी धोब्याने हात टेकले. मी स्वतः पाहिलाय. बाकी सगळा शर्ट परीटघडीचा. डाव्या बाहीवर मात्र अजून... चार आणि एक.