खरवडलेली नजर

पाऊस असा काही आला की नेरीनाला पूल ओलांडताच आला नाही. ती धावत पाववाल्याच्या भटारखान्याच्या वळचणीला शिरली, डोक्यावरची शाल झटकली आणि सहज बाजूला बघते तो… तिथे कवी उभा होता.

तोच! उजवा हात छातीशी घट्ट, खांदा जरासा पुढे झुकलेला. फक्त अंगात तो लांब तांबडा झगा नव्हता. गुडघ्यापर्यंत दुमडलेली विजार होती आणि पोटऱ्यांना आर्नो नदीची ओली वाळू चिकटली होती.

नेरीनाच्या काळजात लक्कन हललं. गेला सगळा हिवाळा ती रोज सकाळी चित्रातल्या या माणसासमोरून चालत जात होती, आणि त्याला श्वास घेताना मात्र आज पहिल्यांदा पाहत होती.

"हात छातीशी आहे तो प्रेमाने नाही हं," तो तिच्याकडे न बघताच म्हणाला. "आत भाजलेले चेस्टनट आहेत. भिजतील म्हणून."

"मी… मी कुठे काही विचारलं?"

"डोळ्यांनी विचारलंत." त्याने मूठ उघडून पुढे केली. "घ्या. गरम आहेत."

तिने एक उचलला. बोटं पोळली, पण टाकवेना.

"तुम्ही मला ओळखता?"

"कमाल करता! फ्लॉरेन्समध्ये तुम्हाला कोण ओळखत नाही? बिस्किटांच्या डब्यावर तुम्ही, पंख्यावर तुम्ही, न्हाव्याच्या पाटीवरसुद्धा तुम्हीच!"

ते खरंच होतं. शेकडो वर्षांपूर्वी त्यांच्या शहरात एक कवी होऊन गेला. नदीकाठी त्याची लाडकी त्याच्यासमोरून गेली, ओळखसुद्धा न दाखवता, आणि तो जन्मभर तिच्यावर लिहीत राहिला. तेव्हापासून फ्लॉरेन्सच्या चित्रकारांना दुसरा विषयच सुचेना. पुलापलीकडच्या गल्लीतले म्हातारे सोर अन्सेल्मो तर तीस वर्षं त्या दोघांनाच रंगवत होते. यंदा त्यांच्या चित्रात 'ती' म्हणून नेरीना उभी राहायची, आणि कवी म्हणून हा.

पण दोघांची गाठ कधी पडायची नाही. सोर अन्सेल्मोंचा तसा कडक नियम होता. नेरीनाने सकाळी यायचं, कवीने दुपारी. मागच्या खेपेच्या दोघांना त्यांनी एकदम उभं केलं, तर ती जोडी चित्र अर्धवट टाकून लग्न करून मोकळी झाली. "माझा कवी बिनपायांचा राहिला!" असं सांगताना म्हाताऱ्याच्या डोळ्यांत अजून पाणी यायचं.

"मी तुम्हाला ओळखलं ते चेहऱ्यावरून नाही," तो हसत म्हणाला. "बोटांवरून. म्हातारा रोज रडतो माझ्याकडे. म्हणतो, चेहरा देवीचा आहे, पण बोटं एक क्षण गप्प बसतील तर शपथ!"

नेरीनाने खाली पाहिलं. तोंडात चेस्टनट, आणि बोटं आपली गव्हाच्या काडीची वेणी विणतच होती. टोप्यांसाठी काडी विणणाऱ्या बायकांचं हे असंच. चालता चालता, बोलता बोलता, प्रार्थनेतसुद्धा हात चालूच. तिने वेणी पटकन शालीत लपवली.

"मी बाल्दो. नदीतली वाळू काढतो. पाणी चढलं की होडी बांधून ठेवायची आणि कवी व्हायचं."

"मी नेरीना."

पाऊस थांबायचं नाव घेईना. तिच्या मनात एक प्रश्न कधीचा घोळत होता. तो विचारला नसता तर बरं झालं असतं, असं तिला नंतर वाटलं.

"चित्रात तुम्ही… म्हणजे तो कवी… ज्या नजरेने बघतो ना…"

"ती नजर होय!" बाल्दो खदखदून हसला. "अहो, तुमचा चेहरा जिथे येतो तिथे भिंतीला एक खिळा आहे. म्हातारा त्याला ताजा पाव टांगतो. काम संपलं की पाव माझा. मी सकाळपासून उपाशी! मग बघा कसं बघता येतं ते!"

नेरीनाही हसली. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पाऊस थांबल्यावर पूल ओलांडून घरी गेली, आणि जिना चढता चढता पाय जड झाले.

ती अनाथाश्रमात वाढलेली. नन बायांनी मुलींना भाकरी दिली, विणकाम शिकवलं, आणि एक सवय लावली: मान खाली, डोळे खाली. परक्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही. म्हणूनच सोर अन्सेल्मोंनी तिला निवडलं होतं. "न बघता पुढे जाणं तुझ्या रक्तातच आहे, पोरी!" आपल्याकडे कुणी बघावं असं तिच्या आयुष्यात घडलंच नव्हतं. अन् या हिवाळ्यात, रोज सकाळी, ओल्या रंगातून एक माणूस तिच्याकडे असा बघायचा की जणू ती नसेल तर त्याचा प्राण जाईल. ती नजर ती रोज घरी घेऊन यायची, वाऱ्यातून दिवा आणावा तशी, जपून, पदराआड.

आणि ती नजर पावासाठी होती.

"जेवत नाहीस का गं?" घरमालकीण झेलिंडा मावशींनी खालून हाक दिली. "वाटाण्याचं सूप केलंय."

"आज शनिवार आहे, मावशी. मारियेचा उपास."

"उपासाला सूप चालतं!"

"मला नको."

"मग उपास नाही तो, रुसवा आहे," मावशी पुटपुटल्या. नेरीनाने कोपऱ्यातल्या मारियेपुढे मेणबत्ती लावली. माते, ज्याचं त्याला मिळू दे, ती म्हणाली. त्याला पाव मिळू दे. मला… पुढे काय मागावं ते तिला सुचेना. ज्योत हलत राहिली.

त्यानंतर मात्र गंमतच झाली. पाऊस असो नसो, संध्याकाळी बाल्दो भटारखान्याच्या वळचणीला दिसू लागला.

"आज तर ऊन आहे," नेरीना म्हणायची.

"पडेल, पडेल. आम्हा नदीवाल्यांना कळतं."

मग दोघं पुलावरून सावकाश चालायची. तो बोलायचा, ती ऐकायची. त्याचं बोलणं म्हणजे भरलेली होडी, काठाला लागली तरी डुलत राहायची. एकदा पुलाच्या मध्यावर तो थांबला. त्या दिवशी तो हसत नव्हता.

"सोमवारी मी जेनोव्हाला निघालोय. तिथून जहाजाने अर्जेंटिना. चुलतभाऊ आहे तिकडे." त्याने कठड्यावर हात टेकले. "वाळूत काही राहिलं नाही. आई गेली. इथे मला थांब म्हणणारं कोण आहे?"

तो उत्तराची वाट बघत होता. आंधळ्यालाही दिसलं असतं.

नेरीनाचा शब्द आत होता, अगदी ओठांच्या मागे. पण डोळे सवयीने खाली गेले, आणि बोटं विणत राहिली, भराभर.

"उशीर झाला," ती म्हणाली, आणि निघाली.

"वा!" मागून त्याचा आवाज आला. हसरा, पण कुठेतरी चिरलेला. "अगदी तिच्यासारख्याच निघालात की! ओळखही न दाखवता!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चित्रशाळेत शिरली आणि दारातच थबकली.

कवीचे डोळे बदलले होते.

ती उपाशी, रोखलेली नजर गेली होती. त्या जागी… कसं सांगावं? पापण्या अर्ध्या मिटलेल्या. बघावं की न बघावं अशी अवघडलेली, लाजलेली नजर. जणू समोरच्याकडे सरळ बघितलं तर आपलं सगळं उघडं पडेल अशी भीती तिच्यात होती.

"बघितलंस त्याचे प्रताप?" सोर अन्सेल्मो पट्टीसारखी सुरी शोधत करवादले. "काल एकदम खूळ शिरलं. म्हणे, पाव काढा खिळ्यावरून, मी चित्रातल्या तिच्याकडेच बघतो. म्हटलं बघ बाबा! तर गधड्याची मान वर होईना! म्हटलं, भूक मेली का रे? तर म्हणतो, मेली."

नेरीनाने भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं.

"मीही येडा. हात रंगात होता, दिसलं ते रंगवून बसलो. रात्रभर झोप नाही. असला मेंगळट कवी कोण विकत घेणार?" त्यांनी सुरी चित्रातल्या डोळ्यांवर टेकवली.

"राहू द्या ना!" ती ओरडलीच. सोर अन्सेल्मो दचकून तिच्याकडे बघू लागले. या पोरीला एवढा आवाज आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"राहू द्या ना, सोर अन्सेल्मो… ते खरं आहे."

"खरं असेल. पण ते विकत नाहीत गं लोक." त्यांनी हळूच, जवळजवळ मायेने, रंग खरवडला. ओला रंग सुरीवर गोळा झाला, तो त्यांनी चिंधीला पुसला. "जुनी नजर मला पाठ आहे. तीच काढतो. तो काही आता यायचा नाही. चल, उभी राहा. मान पलीकडे. बघू नकोस त्याच्याकडे."

ती उभी राहिली. मान पलीकडे. त्या दिवशी तिची बोटं अगदी गप्प होती. म्हाताऱ्याने कौतुकही केलं.

सोमवारी पहाटेच्या प्रार्थनेची घंटा झाली तेव्हा नेरीना भटारखान्याच्या दारात पहिली होती. मारियेला तिने आज काही मागितलं नव्हतं. फक्त म्हणाली होती, माते, मान वर धरायला मदत कर.

ती पुलाच्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली. बरोबर त्या जागी, जिथे प्रत्येक चित्रात कवी उभा असतो. नदीवर धुकं होतं. स्टेशनकडे निघालेली माणसं गाठोडी घेऊन, गळ्यात गळे घालून, मोठमोठ्याने गात येत होती. त्यांच्यात बाल्दो होता. गात नव्हता. त्याने तिला पाहिलं, तोंड फिरवलं, आणि तिच्यासमोरून पुढे गेला. ओळखही न दाखवता.

एक पाऊल. दुसरं.

"बाल्दो!"

भर रस्त्यात बाईमाणसाने पुरुषाला नावाने हाक मारली! गाणं थांबलं. खिडकीतली एक म्हातारी आणखी वाकली. कुणीतरी शीळ घातली. नेरीनाचे कान तापून लाल झाले, पण तिने मान खाली घातली नाही.

तो वळला. "काय?"

"थांब."

"कशाला?"

तिने शालीतून पाव काढून पुढे धरला. आपला फ्लॉरेन्सचा अळणी पाव, भट्टीतून नुकताच निघालेला, अजून वाफाळत असलेला.

"भूक लागली असेल… म्हणून."

बाल्दोने पावाकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग त्याच्या पापण्या हळूहळू, अर्ध्यावर खाली आल्या…

तीच नजर! सुरीने खरवडलेली, चिंधीला पुसलेली. जगात कुठल्याच चित्रात आता नसलेली.

"भूक मेलीये म्हणून सांगितलं होतं म्हाताऱ्याला," तो पुटपुटला.

"मला कळलं."

"मग?"

"मग काही नाही. थांब, एवढंच." आणि मग, अगदी हळू, "मी म्हणतेय. थांब म्हणणारी… मी आहे."

दूर स्टेशनात गाडीने शिट्टी दिली. बरोबरीचे दोघं-तिघं ओरडले, "अरे चल की, कवी!" तो हलला नाही. त्याने खांद्यावरचं गाठोडं उतरवलं, कठड्यावर ठेवलं. पाव घेतला, मधोमध मोडला, आणि मोठा तुकडा तिच्या हातात दिला.

धुक्यात दोघं उभी राहून खात होती. घास चावता चावता बाल्दो म्हणाला,

"म्हातारा बोंबलणार. पुन्हा एक जोडी गेली म्हणून."

"या वेळी कवीचे पाय तरी रंगवून झालेत," नेरीना म्हणाली, आणि सरळ त्याच्याकडे बघून हसली.